शीव कुणी आखायची?

१

आमच्या गावची शीव मला पहिल्यांदा माझ्या आज्याने दाखवली. साल १९५७. मी नऊ वर्षांचा होतो. घरात बुद्धाची तसबीर आली होती आणि महारकीची घुंगराची काठी अजून दाराआडच्या कोपऱ्यात उभी होती, असा तो काळ. माणदेशातले आमचे गाव लहान, कोरडवाहू. शेजारच्या गावाशी ओढ्याकाठच्या एका जमिनीवरून तंटा लागला होता. दोन्ही गावचे पाटील, चार जाणती माणसे आणि नकाशाची गुंडाळी घेतलेला मोजणीदार असे सगळे ओढ्यावर जमले. आज्याला बोलावणे आले, तेव्हा तो मला बरोबर घेऊन गेला.

नकाशात ओढा म्हणजे हद्द होती. पण ओढा नकाशातल्या जागी राहिला नव्हता. मोजणीदाराने विचारले तसा आजा चालू लागला. एका बाभळीपाशी थांबून म्हणाला, "हितपत्तुर आपलं." मग बरेच अंतर चालून एका अर्धवट गाडलेल्या धोंड्यापाशी गेला आणि म्हणाला, "ह्येच्या पल्याड त्यांचं."

"आणि मधलं?" मोजणीदाराने विचारले.

"मधी दोनी गावची ढोरं चरत्यात, सायेब. वढा एका साली हिकडं सरकतो, एका साली तिकडं. तितं रेघ कुटं मारायची?"

मोजणीदार हसला. त्याने पट्टी ठेवली आणि रेघ मारली. त्याचेही चूक म्हणता येत नाही; रेघ मारल्यावाचून त्याचा कागद पुरा होत नव्हता. संध्याकाळी चावडीत पंचनामा लिहिला गेला. आज्याची साक्ष आत लिहिली जात होती आणि आजा पायऱ्यांखाली उभा होता. त्याचा अंगठा घ्यायला कागद बाहेर आणला गेला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्ही बाजूंच्या जमीनदारांनी रेघेपर्यंत नांगर नेला. मधला पट्टा उरला नाही. त्या पट्ट्यावर आमच्या वाड्यातल्या शेळ्या चरत होत्या. माझ्या आईने आमच्या दोन्ही शेळ्या त्याच उन्हाळ्यात बाजारात विकल्या. शीव म्हणजे काय, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो असा. पुढे मी भूगोलाचा शिक्षक झालो, पस्तीस वर्षे मुलांना नकाशे काढायला शिकवले. पण त्या दिवशीचा तो प्रश्न कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला भेटला नाही.

२

शीवेचा प्रश्न जुना आहे. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला जिचे दहन झाले त्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचे सविस्तर विवेचन आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर असे दीर्घायुषी वृक्ष लावावेत, दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीखाली पुरून गुप्त खुणा कराव्यात, साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन शपथपूर्वक हद्द सांगावी, असे तिथे सांगितले आहे. शेजारच्या गावचे जाणते साक्षीदार मिळाले नाहीत तर कुणाला विचारावे, याचीही तरतूद आहे. शिकारी, पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, साप पकडणारे, पडलेले दाणे वेचणारे आणि रानात फिरणारे इतर लोक यांना विचारावे, असे हा ग्रंथ म्हणतो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हाच ग्रंथ दहाव्या अध्यायात चांडाळादिकांची वस्ती गावाबाहेर असावी असे फर्मावतो. म्हणजे ज्याला वस्तीच्या हद्दीबाहेर घालवायचे, त्याच्याच वर्गातल्या माणसाकडे हद्दीचे ज्ञान असते, हे या ग्रंथकर्त्याला पुरते ठाऊक होते. जो माणूस शिवेवर फेकला गेला, त्याला शीव कळली. यात गूढ काही नाही. जो ज्या जागी दिवसरात्र राबतो, त्याला ती जागा कळते.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात हे काम महाराकडे आले. गावची राखण, सरकारी सांगावा, मेलेली जनावरे ओढणे, प्रेताची वर्दी परगावी पोचवणे या कामांबरोबर शीव राखणे हेही त्याचे काम. दोन गावांत तंटा झाला तर महाराच्या सांगण्याला निर्णायक वजन असे. आमच्याकडचे काही लेखक या गोष्टीचा अभिमानाने उल्लेख करतात; महार हा या भूमीचा मूळ मालक, म्हणून त्याच्या शब्दाला मान, असे म्हणतात. ती भावना मी समजू शकतो. परंतु इतिहासाकडे पाहताना भावनेचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. ज्याच्या शब्दाने दोन गावांची जमीन ठरत होती, त्याच्या स्वतःच्या नावावर हाडकी-हाडवळ्याचा तुकडा होता आणि तोही चाकरीच्या बदल्यात. परंपरेने बावन्न हक्क सांगितले जातात. त्या हक्कांबरोबर येणारी वेठ मात्र कुणी मोजून ठेवली नाही. शंकरराव खरातांनी १९८१ साली आपल्या आत्मकथनाला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिले. आटपाडीच्या तराळाच्या या मुलाने पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. तराळकीचे जिणे काय होते, हे त्या शीर्षकातल्या पहिल्या शब्दातच साठलेले आहे.

तेव्हा आज्याचे ज्ञान खरे होते आणि त्या ज्ञानाची किंमत त्याला कधी मिळाली नाही, ही दोन्ही विधाने एकत्र धरूनच मी पुढे जातो.

३

साखळी इंग्रजांच्या मोजणीबरोबर आली. पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांतात प्रिंगल या अधिकाऱ्याने पहिली मोठी मोजणी केली. ती आकारणी फसली. मग १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताला क्रमांक मिळाला, कोपऱ्यांवर दगड बसले, टिपणे तयार झाली. तेहेतीस फुटांची साखळी. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे कोष्टक मी हजारो मुलांकडून पाठ करून घेतले आहे.

या पद्धतीने एक मोठा बदल केला. जुन्या गावगाड्यात शीव ही बऱ्याच ठिकाणी पट्टा असे. माळ, ओढ्याचा काठ, दोन गावांमधले झुडुपी रान असा तो पट्टा. त्याला रुंदी होती आणि ती ऋतूप्रमाणे कमीजास्त होई. साखळीच्या नकाशात शीव रेघ झाली आणि रेघेला रुंदी नसते. प्रत्येक गुंठा कुठल्या तरी क्रमांकात, प्रत्येक क्रमांक कुठल्या तरी नावावर किंवा सरकारच्या खात्यात गेलाच पाहिजे, असा नियम झाला. महसुलाला ‘मधले’ चालत नाही, कारण मधल्याची आकारणी कुणाकडून वसूल करायची?

रेघ आली म्हणून सगळे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. दगड आणि टिपण असल्यामुळे काही ठिकाणी गरिबाची जमीनही वाचली. तोंडी व्यवहारात बलदंडाचा शब्द खरा ठरतो. कागदावर निदान भांडता तरी येते. परंतु रेघेने महाराची साक्ष अनावश्यक केली आणि महाराची वेठ मात्र तशीच ठेवली, हे विसरता येत नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी कायद्यात बांधली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाची बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले. त्यानंतर एके दिवशी आज्याने ती घुंगराची काठी चुलीत घातली. घुंगरे मात्र त्याने काढून ठेवली होती. ती मोडीत विकून त्याने मला पाटी आणली.

४

अस्पष्ट हद्दीच्या प्रदेशाचे काय करावे, हा आता शास्त्राचाही विषय झाला आहे. त्याची ओळख करून घेणे आपल्या कार्यकर्त्यांना उपयोगाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

ग्रीकांच्या काळापासून एक कोडे सांगितले जाते. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास राहतेच. आणखी एक काढला तरी राहते. मग कितव्या दाण्याला रास संपते? उत्तर देता येत नाही. तरी रास आणि चिमूट यांतला भेद खरा असतो. १९६५ साली लोत्फी झादे या कॅलिफोर्नियातल्या संशोधकाने यावर गणिती वाट काढली. एखादी वस्तू समूहात आहे किंवा नाही, एवढीच दोन उत्तरे न ठेवता ती किती अंशाने आहे हे शून्य ते एक यांमधल्या आकड्याने सांगावे, अशी त्याची कल्पना. भूगोलाच्या अभ्यासकांनी ती उचलली. जंगल कुठे संपते आणि माळ कुठे सुरू होतो, डोंगर कुठे संपतो आणि पायथा कुठे लागतो, या ठिकाणी एका रेघेऐवजी कमी कमी होत जाणारे अंश दाखवता येऊ लागले.

१९९६ साली पीटर बरो आणि आंद्रे फ्रँक यांनी अनिश्चित सीमांच्या भौगोलिक वस्तूंवर एक ग्रंथ संपादित केला. त्यात कोहन आणि गॉट्स या दोघांनी अंड्याचा दाखला घेऊन एक मांडणी केली आहे. बलक म्हणजे जो भाग निःसंशय त्या प्रदेशाचा आहे तो. बलकाभोवतीचा पांढरा भाग म्हणजे जिथे मत देता येत नाही तो. कवचाबाहेर निःसंशय दुसऱ्याचे. हे वाचले तेव्हा मी सेवानिवृत्त झालो होतो. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. हितपत्तुर आपलं, ह्येच्या पल्याड त्यांचं, आणि मधी दोनी गावची ढोरं. निरक्षर आज्याने मोजणीदाराला हीच मांडणी चालून दाखवली होती.

या शास्त्रातला एक भेद तर मला फार मोलाचा वाटतो. हद्द अनिश्चित असणे वेगळे आणि अस्पष्ट असणे वेगळे. दगड होता, कुणी तरी उपटला. हद्द आहे, पण आपल्याला सापडत नाही. ही अनिश्चितता. पुरावा मिळाला की ती मिटते. पण ‘माणदेश’ कुठे संपतो? येथे दगड कधी नव्हताच. कितीही पुरावा आणा, रेघ सापडणार नाही, कारण रेघ अस्तित्वातच नाही. ही अस्पष्टता. ओढ्याकाठच्या तंट्यात मोजणीदाराला वाटत होते की हद्द हरवली आहे. आजा त्याला सांगत होता की तिथे तशी हद्द कधी नव्हती.

५

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहरात माँटेलो व त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना शहराचा ‘मध्यवर्ती भाग’ नकाशावर काढून दाखवायला सांगितले होते; २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी, काही माहीत नसताना, मी माझ्या वर्गात असाच एक खेळ करीत असे. मुलांना पातळ कागदावर गावे, नद्या, रस्ते काढून देई आणि सांगे, माणदेशाची हद्द काढा. माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. दहिवडी साताऱ्यात, आटपाडी सांगलीत, सांगोला सोलापुरात. माणदेश नावाचा जिल्हा नाही, तालुका नाही, कधी राज्यही नव्हते. तरी माणदेश आहे, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल.

मुलांचे कागद एकावर एक ठेवून मी खिडकीच्या काचेला धरी. नदीकाठची गावे सगळ्यांच्या रेघांच्या आत येत. कडेला मात्र रेघांचे जाळे होई. कुणी खटाव आत घेतले, कुणी जतपर्यंत गेले. मुले हसत, भांडत, आणि शेवटी मान्य करीत की कुणाचेच चुकलेले नाही. अस्पष्ट प्रदेश समजावून सांगण्याची याहून सोपी रीत मला आजवर सापडलेली नाही.

एका वर्षी मी त्याच मुलांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. चार गावांतली मुले होती, सर्व जातींची. एकाच गावच्या मुलांचे कागद पुन्हा एकावर एक ठेवून खिडकीला धरले. देवळाची जागा इकडेतिकडे झाली होती, शाळा हलली होती, ओढ्याने तर सगळा कागद पालथा घातला होता. पण प्रत्येक कागदावर बौद्धवाडा एकाच बाजूला होता आणि गाव व वाडा यांमधली रेघ सगळ्या मुलांची एकावर एक बसली होती. चारही गावांत तसेच. वाड्यातल्या मुलांचीही रेघ तीच.

मी काच सोडून बाकावर बसलो. माणदेशाची हद्द एकालाही ठामपणे काढता आली नव्हती; या हद्दीबद्दल एकालाही शंका नव्हती. गावकूस कधीच पडलेले होते, त्याचे दगड लोकांनी घरांना वापरले होते. मोजणी खात्याने ही रेघ आखली नव्हती, तिच्यावर दगड नव्हता, टिपण नव्हते. दहा वर्षांच्या पोरांच्या हाताला ती न शिकवता येत होती. म्हणून अस्पष्टतेच्या शास्त्राची ओळख करून देताना मी एक इशाराही देतो. सगळ्याच सीमा धूसर असतात असे म्हणणारा विद्वान वाड्यात राहिलेला नसतो.

६

मराठी भाषेच्या सीमांचेही असेच आहे. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. एक भाषा संपून दुसरी जिथे सुरू होते तिथे भिंत नसते, बोली एकमेकींत मिसळत जातात, हे त्या पाहणीत मान्य केलेले आहे. पूर्वेकडे बस्तरची हलबी घ्या. ती मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांच्या सांध्यावर उभी आहे. परंतु राज्ये रेघांनीच करावी लागली. १९५३ चा राज्य पुनर्रचना आयोग, १९५६ ची पुनर्रचना, १९६० चे महाराष्ट्र राज्य, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला बेळगावचा दावा, हा सगळा इतिहास एका पट्ट्यातून रेघ काढण्याच्या धडपडीचा आहे. महाराष्ट्राची बाजू ज्या तत्त्वावर उभी आहे ते पाटसकरांच्या नावाने ओळखले जाते. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी वापरलेल्या या तत्त्वात खेडे हा घटक धरतात, त्या खेड्यात बहुसंख्या कोणत्या भाषेची हे पाहतात आणि भौगोलिक सलगता तपासतात.

तत्त्व म्हणून ते ठीक आहे. जिल्हा किंवा तालुका घटक धरण्यापेक्षा ते न्याय्यही आहे. पण माझ्या मनात एक प्रश्न येतो. खेडे हा घटक धरला की महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा यांची डोकी खेड्याच्या बेरजेत येतात. पाणवठ्यावर जो गावाबाहेरचा, मसणवट्यात जो गावाबाहेरचा, तो मोजणीच्या दिवशी गावातला होतो. बेरजेत घ्यायचे आणि भाकरीत वगळायचे, हा हिशेब आपण किती काळ पाहणार?

बाबासाहेबांनी नेमका इथेच बोट ठेवले होते. १९५५ च्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी मराठी भाषकांचे मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग सुचवले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या अनेकांना ते रुचले नाही, आणि आजही त्यावर मतभेद होऊ शकतो. परंतु त्यांची विचार करण्याची रीत पाहावी. रेघ कुठे खरी आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे दुय्यम होता. या रेघेच्या आत कोणती जात बहुसंख्य होईल आणि खेड्याखेड्यांत विखुरलेल्या अल्पसंख्य जातींचे काय होईल, हे ते विचारीत होते. त्याआधी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि १९४७ च्या घटनाविषयक निवेदनात त्यांनी ती पुन्हा मांडली. गावाने आखलेल्या रेघेबाहेर राहण्याऐवजी आपली शीव आपण आखू, असा त्या मागणीचा अर्थ मी लावतो.

७

रेघेने अन्याय होतो तसा धूसरपणानेही होतो, आणि हा दुसरा अन्याय अधिक चलाख असतो.

१९७६ पूर्वी विदर्भातल्या गोंडांसारख्या जमाती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा अशा ठरावीक तहसिलींतच अनुसूचित मानल्या जात. तहसिलीची रेघ ओलांडली की तोच माणूस, तीच बोली, तोच देव आणि सवलत मात्र नाही. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रबंधने उठवली. इथे जो समाज पट्ट्यात पसरला होता त्याला रेघेने तोडले होते.

गायरानाचे नेमके उलटे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. त्यात १४ एप्रिल १९९० ही कालमर्यादा होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, तेव्हाही भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद ठेवले. कागदावर एवढे असूनही कसणाऱ्याला विचारले जाते, तू कधीपासून कसतोस, आणि नेमका कुठवर कसतोस? ज्याच्या ताब्याची नोंद तलाठ्याने कधी घेतली नाही, त्याने तारीख कुठून आणायची? त्याची हद्द ‘अनिश्चित’ राहते, कारण ती निश्चित करणाऱ्याने पाहिलेच नाही. येथे वर सांगितलेला भेद कामी येतो. गायरानातल्या तुकड्याची हद्द अस्पष्ट मुळीच नसते. त्याचा बांध असतो, विहिरीचा खड्डा असतो, वेचलेल्या दगडांचा ढीग असतो. ती फक्त लिहिलेली नसते. न लिहिण्याला धूसर म्हणणे ही लबाडी आहे.

‘कधीपासून’ हा प्रश्न पूर्वी उलटाही फिरला आहे, हे आपण ध्यानात ठेवावे. चवदार तळ्याच्या दाव्यात स्पृश्य वादींनी अनादि वहिवाटीचा आधार घेतला होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही असे ठरवून त्यांचे अपील फेटाळले. काळाची हद्द सिद्ध करण्याचा बोजा त्या एका वेळी योग्य खांद्यावर पडला होता.

आता आकाशातून मोजणी होते. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या मिळकतींच्या कडा चुन्याने आखायच्या, ड्रोनने छायाचित्र घ्यायचे आणि मिळकत पत्रिका द्यायची. योजना चांगली आहे. पण ती गावठाणाची आहे आणि आमचे वाडे गावठाण संपते तिथे आहेत. माझ्या चुलतभावाच्या घराची चूल गावठाणात येते आणि पडवी गायरानात. मोजणीच्या दिवशी तो चुन्याचे घमेले घेऊन उभा राहिला. कुठवर आखू, त्याने विचारले. आलेल्या माणसाने उत्तर दिले, गावठाणाची हद्द इथूनच कुठून तरी जाते, तुम्ही सध्या आखू नका. ‘कुठून तरी’ हा शब्द मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवला. वरच्या आळीत कुणालाही तो ऐकावा लागला नव्हता.

८

या सगळ्यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? मला तीन गोष्टी सुचतात.

हद्दीचा वाद आला की आधी विचारावे, ही हद्द हरवली आहे की ती कधी नव्हतीच? हरवली असेल तर पुरावा गोळा करावा. बांध, झाड, विहीर, वीजबिल, शाळेचा दाखला, म्हाताऱ्यांची साक्ष, जे मिळेल ते. नव्हतीच, तर रेघ मारण्याची घाई कुणाला आणि का आहे ते पाहावे, आणि मधल्या पट्ट्यावर ज्यांचे पोट आहे त्यांचा हक्क पट्टा म्हणूनच नोंदवून घ्यावा.

दुसरे, प्रत्येक रेघेखाली ती कुणाच्या सांगण्यावरून मारली याची नोंद मागावी. माझ्या गावच्या नकाशावर त्या ओढ्याची रेघ आजही आहे. ती आज्याने सांगितलेल्या दोन खुणांच्या मधून जाते, आणि त्याचा अंगठा पंचनाम्यात आहे. त्याने जे सांगितले नव्हते तेच त्याच्या अंगठ्यावर उभे आहे.

तिसरे, आपले नकाशे आपण काढावेत. विद्यार्थ्यांनी सुटीत गावी जावे आणि म्हाताऱ्यांबरोबर शीव चालावी. निःसंशय आपले, निःसंशय दुसऱ्याचे आणि मधले, अशा तीन खुणा करून, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून कागद करावा. शिक्षकांनी खिडकीच्या काचेवरचा खेळ करून पाहावा. तो दुसरा खेळही करावा, गावच्या नकाशाचा. मुलांच्या रेघा आता कुठे बसतात ते प्रामाणिकपणे पाहावे. ज्या वर्षी त्या रेघा एकमेकींवर बसणार नाहीत, ज्या वर्षी वाडा कुठे संपतो आणि गाव कुठे लागते हे मुलांना सांगता येणार नाही, त्या वर्षी एक हद्द खरोखर धूसर झाली असे मी मानेन. ती धूसर करण्यासाठीच आपली चळवळ आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझी नात ओढ्यावर गेलो होतो. बाभूळ राहिलेली नाही. धोंडा आहे, अर्धा गाडलेला. नातीने मोबाईलमध्ये त्याची नेमकी जागा नोंदवली आणि विचारले, नाव काय देऊ? मी आज्याचे नाव सांगितले. ते तिने लिहिले. मग तिने बाभळीची जागा विचारली. मी पावले मोजत चालू लागलो.